पोरांनो, खेळ नुसता खेळू नका. त्याचे नियम लिहा!

जयंतीच्या आठवड्यात वस्त्यावस्त्यांमध्ये करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात. वक्ता कोणीही असो, एक वाक्य ठरलेले असते: "मोबाईलवर गेम खेळणं बंद करा, अभ्यासाला लागा." आईबाप टाळ्या वाजवतात, पोरं मान खाली घालतात आणि कार्यक्रम संपला की मंडपामागे जाऊन तोच गेम पुन्हा उघडतात. वर्षानुवर्षे हेच चालू आहे. उपदेशाने गेम सुटला नाही आणि यापुढेही सुटणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्या मुलामुलींनी गेम लिहायला शिकावे. तोही धावण्याचा किंवा गोळीबाराचा नव्हे, डावपेचांचा गेम. ज्याला स्ट्रॅटेजी गेम म्हणतात तो. संगणकाचा गंध नसलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या पोराने प्रोग्रॅमिंगची सुरुवात याच गेमपासून करावी. हा छंदाचा सल्ला नाही. माझ्या मते हा चळवळीच्या कामाचा भाग आहे, आणि का ते या लेखात मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रमी आणि सट्ट्याच्या अ‍ॅपबद्दल मी बोलत नाही. त्या जुगाराने मजुरीचे पैसे गिळले, घरे बसवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो यासाठीच. पण जुगार वाईट म्हणून खेळच वाईट, हा तर्क बुद्धिबळालाही लागू करावा लागेल.

नियम आकाशातून पडत नाहीत

स्ट्रॅटेजी गेममध्ये असते काय? एक नकाशा. त्यावर काही पक्ष. कोणाकडे जमीन, कोणाकडे धान्य, कोणाकडे सैन्य. कोणी किती घरे चालायचे, कोणाला काय बांधता येईल, कोण कधी जिंकले असे मानायचे, याचे नियम. खेळणाऱ्याला वाटते की तो स्वतःच्या अकलेने जिंकला. ज्याने गेम लिहिला त्याला ठाऊक असते की डाव कसा वळेल याचा मोठा भाग पहिल्या चालीच्या आधीच ठरला आहे.

बुद्धिबळाचेच पाहा. शतरंज या जुन्या रूपात प्यादे शेवटच्या घरापर्यंत पोहोचले तर त्याला फक्त वजीर होता येई, आणि तो वजीरही तिरपे एकच घर चालणारा. आज तेच प्यादे पटावरचे सर्वांत ताकदवान मोहरे होऊ शकते. प्यादे बदलले का? लाकूड तेच, जागा तीच. माणसांनी नियम बदलला.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरांतले. 'व्यापार' नावाचा जागा विकत घेण्याचा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. तो 'मोनोपॉली' या अमेरिकन खेळाची नक्कल आहे. पण मोनोपॉलीची जननी वेगळीच. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे लोकांना खेळातून कळावे, हा त्यांचा उद्देश होता. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच ठेवले: एकात संपत्ती वाढली की सर्वांना वाटा मिळे, दुसऱ्यात एकच जण बाकीच्यांना धुळीला मिळवी. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगीबाईंचे पेटंट ५०० डॉलरला घेतले आणि जगभर गाजवला तो दुसऱ्या संचाचा खेळ. पहिला संच विस्मरणात गेला. जमीनदाराला नावे ठेवायला काढलेला खेळ जमीनदार व्हायला शिकवू लागला. इतिहास कोण लिहितो आणि कोण पुसतो, हे आपल्याला वेगळे सांगायची गरज नाही.

आजच्या मोठ्या स्ट्रॅटेजी गेमकडे याच नजरेने बघा. या प्रकाराला इंग्रजीत 'फोर एक्स' म्हणतात. १९९३ साली एका गेमवर लिहिताना अ‍ॅलन एमरिच यांनी हे नाव रूढ केले. त्या चार क्रियांचा अर्थ असा: शोधा, पसरा, उपसा, नायनाट करा. १९९१ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये नकाशावर छोट्या टोळ्यांच्या वस्त्या असतात. खेळाडूने तिथे पाय ठेवला की त्याला सोने किंवा विद्या मिळू शकते, आणि ती वस्ती नकाशावरून नाहीशी होते. त्या वस्तीत कोण राहत होते, ते कुठे गेले, हे गेम विचारतच नाही. धरणात गाव गेलेल्या आदिवासी पोराने हा गेम खेळला तर त्याने कोणाच्या बाजूने खेळायचे? २०१८ साली याच मालिकेच्या सहाव्या भागात पाउंडमेकर या क्री नेत्याला पात्र म्हणून आणले, तेव्हा कॅनडातील त्यांच्या समाजाच्या प्रतिनिधीने जाहीर आक्षेप घेतला: जग जिंकत सुटणे हे आमच्या पूर्वजांचे मूल्य नव्हतेच. त्यांना आक्षेप घ्यावा लागला, कारण नियम दुसऱ्यांनी लिहिले होते.

दोन कुटुंबे, पाच एकर, तीन वर्षे

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. नवशिक्याची पहिली चूक म्हणजे पहिल्याच दिवशी 'एज ऑफ एम्पायर्स' बनवायला बसणे. चित्रे, घोडे, संगीत यांच्या मागे लागला की महिन्याभरात तो हरतो आणि "आपल्याला जमणार नाही" म्हणून उठतो. पहिल्या गेममध्ये चित्र नको. अक्षरे आणि आकडे पुरेत.

असा गेम घ्या. गावात दोन कुटुंबे, अ आणि ब. अ कडे ४ एकर, ब कडे १ एकर. एकरी ६ पोती पिकतात. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला खायला १० पोती लागतात. कमी पडले तर दुसऱ्याकडून उसने घ्यायचे, व्याज वर्षाला २५ टक्के. कर्ज १५ पोत्यांच्या वर गेले की जमीन सावकाराची. बस, एवढेच नियम. कोडच्या पंधरा-वीस ओळी. एक फेरी म्हणजे एक वर्ष, आणि ती फेरी पुन्हा पुन्हा फिरवायची. यालाच लूप म्हणतात.

आता चालवा. अ चे पीक २४ पोती, खाऊन १४ उरतात. ब चे पीक ६, म्हणजे ४ पोती उसनी. दुसऱ्या वर्षी ते कर्ज व्याजासह ५ होते, वर नवे ४, एकूण ९. तिसऱ्या वर्षी ९ चे सव्वाअकरा, वर ४, एकूण सव्वापंधरा. जमीन गेली. तीन फेऱ्यांत ब भूमिहीन.

या कोडमध्ये जातीचे नाव कुठे आहे? कुठेच नाही. 'ब ला हरव' असे सांगणारी एक तरी ओळ आहे का? नाही. अ हुशार आणि ब आळशी असेही लिहिलेले नाही. दोघांची एकरी पिकवण्याची ताकद सारखीच आहे. तरीही गेम शंभर वेळा चालवा, शंभर वेळा ब हरेल. मग संपादकीयांतून ज्या 'मेरिट'ची आरती रोज ओवाळली जाते, ते मेरिट या पंधरा ओळींत कुठे बसले आहे ते दाखवा.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. नियम बदलून पाहा. दया दाखवा, व्याज शून्य करा. ब चे कर्ज ४, ८, १२ आणि चौथ्या वर्षी १६. जमीन तरीही गेली, फक्त एक वर्ष उशिरा. म्हणजे सावकाराचे मन वितळल्याने प्रश्न सुटला नाही. आता व्याज पूर्ववत २५ टक्के ठेवा आणि फक्त सुरुवात बदला: अ कडे ३ एकर, ब कडे २. अ चे १८ पिकतात, ८ उरतात. ब चे १२ पिकतात, २ उरतात. कर्ज घ्यायची वेळच येत नाही. शंभर फेऱ्या फिरवा, दोघेही पोटभर जेवतात. एका एकराने सगळा डाव पालटला.

१९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी सत्याग्रहाला का उतरले, हे पोराला यातून जितके उमगेल तितके दहा भाषणांतून उमगणार नाही. भाषण ऐकावे लागते. इथे त्याने आकडा स्वतः बदललेला असतो आणि परिणाम डोळ्यांसमोर घडलेला असतो. खोती रद्द करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ते खोतांच्या सद्बुद्धीची वाट पाहत बसले नाहीत. त्यांना नियम बदलायचा होता.

गेमच्या जगात आरक्षणाला कोणी नावे ठेवत नाही

गेम बनवणाऱ्यांचा एक आवडता शब्द आहे: बॅलन्स. एखादा पक्ष सतत जिंकू लागला तर खेळाडू ओरडतात की गेम असंतुलित आहे. कंपनी आकडे दुरुस्त करते. "हरणाऱ्या पक्षात गुणवत्ताच नाही, त्यांनी मेहनत करावी" असे उत्तर कोणतीही कंपनी देत नाही. जागा पाहून भरपाई देणे हा तिथे साधा न्याय आहे. गो या खेळात काळ्या सोंगट्या पहिली चाल खेळतात आणि त्याचा त्यांना फायदा होतो. म्हणून जपानी नियमांत पांढऱ्याला साडेसहा गुण आधीच देतात. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पांढरी आणि काळी मोहरी आलटून पालटून देतात. यावर कोणी उपोषणाला बसल्याचे ऐकिवात नाही.

आणि आपल्याकडे? हजारो वर्षे पहिली चाल एकाच बाजूची. पट त्यांचा, फासे त्यांचे, पंच त्यांचा. दुसऱ्याला तर पटाला शिवायचीही बंदी. संविधानाने थोडी भरपाई दिली की लगेच 'अन्याय झाला' म्हणून गळा काढायचा. ज्या पोराने स्वतःच्या गेमचा बॅलन्स एकदा बसवला आहे, तो कॉलेजच्या कट्ट्यावर या रडगाण्यापुढे गप्प बसणार नाही. त्याच्याकडे उत्तर असेल, आकड्यांसकट.

टिप्पणी आणि कोड

प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारच्या ओळी असतात. एक टिप्पणी, म्हणजे कॉमेंट. ती माणसांनी वाचायची. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरा प्रत्यक्ष कोड, जो चालतो. टिप्पणीत 'सर्वांना पाणी मिळेल' असे लिहा आणि कोडमध्ये एका कुटुंबाच्या वाटेवर भिंत ठेवा. यंत्र भिंतच मानणार.

महाडचा इतिहास या भाषेत वाचून पाहा. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ही झाली टिप्पणी. चालत होता तो जुनाच कोड. तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कोणता नियम खरोखर चालतो हे जगासमोर आले. लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. आणि मधल्या काळात, २५ डिसेंबर १९२७ रोजी, मूळ कोडचे पुस्तकच जाळले गेले.

आज मनुस्मृती कोणी उघडपणे हातात धरत नाही. आज खिडकीमागून आवाज येतो: "सिस्टीम घेत नाही." शिष्यवृत्तीचा अर्ज सिस्टीम घेत नाही. रेशनवर बोटाचा ठसा सिस्टीम घेत नाही. दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी वेगळी, सिस्टीम घेत नाही. आपली माणसे गुमान परत फिरतात, कारण त्यांना वाटते सिस्टीम म्हणजे दैव. पूर्वी 'शास्त्रात नाही' म्हटले की संपायचे, आता 'सिस्टीममध्ये नाही' म्हटले की संपते.

ज्या मुलीने दहा बाय दहाच्या नकाशाचा गेम लिहिला आहे, तिला हे वाक्य गप्प करू शकत नाही. तिला माहीत असते की 'घेत नाही' म्हणजे कुठेतरी एक अट लिहिलेली आहे: अमुक असेल तर पुढे, नसेल तर बाद. अट माणसाने लिहिली आहे आणि माणूस ती बदलू शकतो. ती विचारेल: कोणती अट? कोणाच्या सहीने? बदलायचा अधिकार कोणाचा? माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, हेही तिला मग नेमके सुचेल.

नेहमीचे आक्षेप

पहिला: "आधी पोट, मग खेळ. एमपीएससी करू द्या." करा ना! पण जागा किती आणि अर्ज किती हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे एकाच दारापाशी उभे राहणाऱ्याने रोज तासभर दुसरे दार ठोठावले तर बिघडले काय? डावपेचांचा गेम पूर्ण करणारा माणूस याद्या, अटी, फेऱ्या, फाइल जतन करणे, चूक शोधणे हे सगळे शिकलेला असतो. नोकरीतल्या प्रोग्रॅमिंगचा पाया हाच.

दुसरा: "गणित आणि इंग्रजी लागतं." या गेमला लागले ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार. वाट शोधण्याची पद्धतसुद्धा चौकटीच्या वहीवर समजते: एका चौकटीत पाणी सांडले असे माना, दर फेरीला ते शेजारच्या चौकटींत पसरते, भिंत असेल तिथे अडते. ज्या फेरीत विहिरीपाशी पोहोचले, तेवढे अंतर. इंग्रजीचे म्हणाल तर पायथन भाषेत राखीव शब्द अवघे ३५. बाकीची नावे तुमची. जमीन, कर्ज, धान्य ही नावे चक्क देवनागरीत लिहिली तरी पायथन चालवतो. इंग्रजीचा बागुलबुवा दाखवून आपल्या पोरांना दारातूनच परत पाठवणारे क्लासवाले आणि संस्कृतचा बागुलबुवा दाखवणारे त्यांचे पूर्वज, यांच्यात मला फरक दिसत नाही.

तिसरा: "लॅपटॉप कुठाय?" हा आक्षेप खरा आहे. सुरुवात साध्या अँड्रॉइड फोनवर होते. पायथन त्यावर चालतो, आणि गोडो हे गेम बनवण्याचे मोफत, खुले साधनही त्यावर मिळते. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवले आणि २०१४ साली जगाला खुले केले. पण फोनवर किती दिवस काढणार? म्हणून समाजमंदिरात, विहारात, वसतिगृहात संगणक हवेत. १४ एप्रिलच्या रात्री डीजेच्या भिंतींवर जो पैसा उडतो, त्यात दोन-तीन वापरलेले संगणक आरामात येतात. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, हे विसरून आपण स्पीकर मोजत बसलो आहोत. आणि संगणक आले की त्यासमोर मुलींची पाळी आधी लावा. फोन घरात भावाच्या हातात असतो. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्यांनी एवढा बॅलन्स साधावाच.

चौथा, अगदी ताजा: "आता एआय कोड लिहून देतो, शिकून काय उपयोग?" एआय पंधरा ओळी लिहून देईल. पण अ ला ४ एकर आणि ब ला १ एकर का, हे तो आपणहून विचारणार नाही. जे सांगाल ते, आणि नाही सांगितले तर जगात चालत आले आहे तेच तो लिहील. मग तर नियम वाचता येणारी माणसे अधिकच लागणार.

पाचवा: "शहरातल्या, परदेशातल्या आयटीत जात नसते, तिथे फक्त कोड बोलतो." २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव केल्याचा दावा दाखल केला. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातीभेदाला मनाई करणारा कायदा केला. जात नसती तर कायदे कशासाठी? कोड शिकला म्हणून जात सुटणार नाही. पण जिथे नियम लिहिले जातात त्या खोलीत आपले कोणी नसेल, तर ती सुटण्याची शक्यताही उरणार नाही.

कामाला लागा

क्रम सांगतो. पहिला आठवडा: वरचा दोन कुटुंबांचा गेम. दुसरा: आठ बाय आठचा नकाशा, त्यात एक विहीर आणि काही भिंती. तिसरा: पाऊस कमी-जास्त करा, मजुरीचा नियम घाला आणि मजुरीचा दर कोण ठरवतो हे कोडमध्ये लिहा, तिथे सगळे पितळ उघडे पडते. चौथा: यंत्राला प्रतिस्पर्धी करा. त्यानंतर 'फ्रीसिव्ह' किंवा 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हे मोफत, खुले स्ट्रॅटेजी गेम उतरवा. त्यांचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. एक आकडा बदला आणि जग कसे बदलते ते पाहा. अडले की एकट्याने डोके धरून बसू नका. चार जणांचा गट करा आणि एकमेकांचे गेम खेळून त्यातली पळवाट शोधा.

जातीव्यवस्था ही जिना नसलेल्या मजल्यांची इमारत आहे, असे बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात दाखवून दिले. म्हणजे आधी त्यांनी नकाशा वाचला, मग नियम वाचले आणि मग नवे नियम लिहायला बसले. आपल्या पोरांच्या हातात फोन आहेच. त्यावर दुसऱ्याने आखलेल्या पटावर प्यादे होऊन मरायचे की आपला पट आखायचा, एवढाच प्रश्न आहे. येत्या जयंतीला करिअर मार्गदर्शनाचा वक्ता ठरवताना मंडळांनी याचा विचार करावा.

जय भीम! जय संविधान!